मोडक्या पायाने गोल करणारा बॉबी बॉन: मुलाने त्याच्याकडून काय घ्यावे?

आपला प्रश्न मला असा समजला आहे. मिसिसॉगामध्ये आपल्या शेजारी राहणारे ऐंशीच्या घरातले आजोबा आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला येताजाता टोरंटोचा जुना आइस हॉकीपटू बॉबी बॉन याच्या गोष्टी सांगतात. मुलगा आइस हॉकीत बचावपटू म्हणून खेळतो. मध्यंतरी घोट्यावर पक (खेळातली रबरी चकती) बसल्यामुळे तो सामना सोडून बाकावर येऊन बसला, तेव्हा ‘बॉन तर मोडक्या पायाने खेळला होता’ असे त्याला ऐकावे लागले. आपण इंटरनेटवर शोधले तेव्हा ९६४ सामन्यांत अवघे ३७ गोल आणि शिक्षेची (नियम मोडल्याबद्दल खेळाबाहेर बसण्याची) जवळपास दीड हजार मिनिटे एवढेच हाती लागले. म्हणून आपण विचारता की हा माणूस खरोखर मोठा खेळाडू होता की नुसता मारकुटा, मोडक्या पायाची गोष्ट खरी की रंगवलेली, आणि मुलाने त्याचा आदर्श ठेवावा की नाही.

या तीन प्रश्नांच्या तळाशी मला एकच प्रश्न दिसतो: जुन्या काळातील कणखर बचावपटूची आठवण काढताना त्यातला खेळ कोणता आणि त्या काळाची सक्ती कोणती, हे वेगळे कसे करायचे? मी ओंटारियोत मुलांच्या संघांना, त्यातही बचावपटूंना, बरीच वर्षे शिकवत आलो आहे आणि हा प्रश्न पालकांकडून वेगवेगळ्या रूपांत माझ्यापर्यंत येत असतो. बॉनला मी मैदानावर पाहिलेले नाही. मी या देशात येण्याच्या कितीतरी आधी तो निवृत्त झाला होता. उपलब्ध चित्रफिती आणि ज्यांच्या हाताखाली मी शिकवायला शिकलो त्या जुन्या प्रशिक्षकांकडून ऐकलेले, एवढ्या भांडवलावर हे उत्तर लिहीत आहे.

आधी गोष्टीचा खरेखोटेपणा पाहू. गोष्ट खरी आहे. १९६४ च्या स्टॅन्ली कपच्या, म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या विजेतेपदाच्या, सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत टोरंटो मेपल लीफ्सची गाठ डेट्रॉइट रेड विंग्जशी पडली होती. पाच सामने झाले तेव्हा डेट्रॉइट ३-२ असे पुढे होते, म्हणजे २३ एप्रिलचा डेट्रॉइटमधील सहावा सामना गमावला असता तर टोरंटोचा खेळ तेथेच आटोपला असता. तिसऱ्या सत्रात ३-३ अशी बरोबरी असताना बॉनच्या उजव्या पायावर, घोट्याच्या वर, एक जोरदार फटका बसला. तो तसाच खेळत राहिला. पण थोड्याच वेळात पक खाली टाकून खेळ पुन्हा सुरू झाला, बॉन वळला आणि तो पाय त्याच्याखालून निसटला. त्याला स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. आत पाय बधिर करण्याचे इंजेक्शन दिले, पट्ट्यांनी घट्ट आवळला, आणि जादा वेळ सुरू झाला तेव्हा बॉन पुन्हा बर्फावर होता. जादा वेळेच्या १ मिनिट ४३ सेकंदाला त्याने डेट्रॉइटच्या भागाची हद्द दाखवणाऱ्या निळ्या रेषेजवळून पक गोलाकडे मारला. तो फटका काही खणखणीत नव्हता. वाटेत डेट्रॉइटच्या बिल गॅड्स्बीच्या स्टिकला लागून पकने दिशा बदलली आणि तो गोलरक्षक टेरी सॉचकला चकवून आत गेला. टोरंटोने सामना ४-३ असा जिंकला. दोन दिवसांनी टोरंटोत झालेला सातवा सामनाही बॉन खेळला, लीफ्सने तो ४-० असा जिंकला, आणि कप हाती आल्यानंतरच त्याने एक्स-रे काढू दिला. त्यात पायाचे हाड मोडलेले दिसले. (हा सातवा सामना ज्या मेपल लीफ गार्डन्समध्ये झाला त्या इमारतीत आता किराण्याचे मोठे दुकान आहे, मैदानाचा मध्यबिंदू जेथे होता तेथे फरशीवर लाल ठिपका आहे. मुलाला घेऊन जरूर जा.)

जाता जाता गॅड्स्बीविषयी एक वाक्य लिहिलेच पाहिजे. तोही त्या पिढीतला अतिशय कडक धक्के देणारा बचावपटू होता, वीस मोसम खेळला, आणि त्याला कप एकदाही मिळाला नाही. तो फटका अंगावर घ्यायला तो योग्य जागी उभा होता, हेच त्याच्या विरोधात गेले. बचावपटूंना हे वाक्य वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता मोडलेले हाड कोणते, हे महत्त्वाचे आहे, कारण ते सांगितल्याशिवाय मुलांना या गोष्टीतून चुकीचा अर्थ लागतो. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत दोन हाडे असतात. पुढचे जाड हाड, म्हणजे नडगी, शरीराचा बहुतेक भार पेलते. बाहेरच्या बाजूचे बारीक हाड त्या मानाने फारच थोडा भार घेते. बॉनचे मोडले ते हे बारीक हाड. ते मोडल्यावर उभे राहणे अशक्य नसते. सरळ रेषेत घसरत जाणेही जमते. जमत नाही ते त्या पायावर जोर देऊन वळणे, आणि तो नेमका वळतानाच कोसळला. वेदना मारणारे औषध, घट्ट आवळलेली पट्टी आणि घोटा धरून ठेवणारा स्केटचा बूट, या तिन्हींमुळे तो काही पाळ्या (एका वेळी बर्फावर उतरून खेळायच्या छोट्या फेऱ्या) निभावू शकला. नडगी मोडली असती तर कितीही जिगरबाज माणूस परत आला नसता. यात बॉनचे धैर्य कमी होत नाही. पण आपल्या मुलाच्या पायाला काय झाले आहे हे पाहण्याआधी कोणी त्याला बॉनचे उदाहरण देत असेल, तर ते उदाहरण तेथे लागू होत नाही, एवढे स्पष्ट होते.

दुसरे असे की तो परत का आला? आजोबा सांगतील, जिद्द. ती होतीच. परंतु १९६४ मध्ये नॅशनल हॉकी लीगमध्ये फक्त सहा संघ होते आणि प्रत्येक संघ चार-पाच बचावपटूंवर मोसम काढत असे. म्हणजे साऱ्या लीगमध्ये बचावपटूंच्या जागा तीसच्या आतबाहेर, आणि खालच्या लीगमध्ये त्या जागेकडे डोळे लावून बसलेले कितीतरी. खेळाडूला आपला संघ निवडण्याची मुभा नव्हती. करार संपला तरी त्याचे हक्क संघाकडेच राहत. ज्याने विश्रांती घेतली त्याची जागा दुसऱ्याने घेतली, हे दररोज डोळ्यांसमोर घडत असे. बॉनच्या पहिल्याच मोसमात, १९५६-५७ मध्ये, डेट्रॉइटच्या टेड लिंडसेच्या पुढाकाराने खेळाडूंची संघटना बांधण्याचा प्रयत्न झाला. त्याची परिणती अशी झाली की लिंडसेला लीगच्या तळाच्या शिकागो संघाकडे पाठवण्यात आले, आणि टोरंटोचा अनुभवी बचावपटू जिम थॉमसन, जो या प्रयत्नात सामील होता, त्याचीही रवानगी शिकागोलाच झाली. वीस वर्षांच्या बॉनने हे आपल्याच ड्रेसिंगरूममध्ये पाहिले. दुखापत लपवून खेळणे ही त्या काळी शौर्याची बाब होती तशी पोटापाण्याचीही होती, आणि दुसरी बाजू गाळून पहिलीच मुलांना सांगणे मला पटत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की बॉनची आठवण चुकीच्या कारणासाठी काढली जाते. तो गोल दैवाने मिळाला, ते हाड दैवाने मोडले. आठवण काढायची तर तो धक्का कोठे आणि केव्हा देत असे याची काढावी, कारण ते शिकलेले कसब होते.

बॉनची उंची पाच फूट नऊ इंच. आजच्या बचावपटूंच्या शेजारी तो लहान दिसला असता आणि त्या काळीही तो काही धिप्पाड नव्हता. त्याचे टोपणनाव ‘बूमर’ असे होते, आणि त्याची ख्याती होती ती मोकळ्या बर्फावर, म्हणजे बोर्डपासून (मैदानाभोवतीच्या भिंतीपासून) दूर, मैदानाच्या मध्याकडे, समोरून येणाऱ्या आघाडीपटूला खांद्याने किंवा कमरेने अडवण्यासाठी. हे किती अवघड आहे हे बाहेरून लक्षात येत नाही. बोर्डला चिकटलेल्या खेळाडूला पळायला एकच दिशा असते. मोकळ्या बर्फावर त्याला दोन्ही बाजू मोकळ्या असतात. बचावपटू मागे मागे घसरत असतो. धक्का द्यायचा तर त्याला मागची गती थांबवून, गुडघे वाकवून, तिरका पुढे सरकावे लागते, आणि हे सगळे अर्ध्या सेकंदात. अंदाज चुकला तर समोरचा बाजूने निसटतो आणि आपल्या गोलरक्षकापुढे दोन आघाडीपटूंविरुद्ध एक बचावपटू असा प्रसंग उभा राहतो. म्हणून असा धक्का देणाऱ्याला ताकदीपेक्षा वाचन लागते: समोरच्याची नजर पककडे खाली गेली आहे का, त्याने शेवटचा जोर कोणत्या पायावर दिला, पास देण्यासाठी त्याच्याकडे कोणी आहे का.

आपल्याकडच्या वाचकांना कबड्डीतील कोपरारक्षक आठवला तर हे चटकन कळेल. चांगला कोपरारक्षक चढाईपटूवर धावून जात नाही. त्याचा भार एका पायावर पूर्ण पडेपर्यंत थांबतो आणि मग घोटा धरतो. बॉनचे थांबणे त्याच जातीचे होते. बुटकेपणाही त्याच्या पथ्यावर पडला, कारण त्याचा खांदा समोरच्याच्या छातीखाली शिरत असे आणि उंच माणूस वरच्या वर उचलला जाई.

या कसबाला जोडीदाराचा आधार लागतो आणि तो कार्ल ब्रूअरचा होता. ब्रूअर सुंदर स्केटिंग करणारा, पक घेऊन पुढे सरकणारा, डोकेबाज खेळाडू. (हातमोज्यांचे तळवे कापून टाकून प्रतिस्पर्ध्याची जर्सी गुपचूप धरण्याची युक्ती त्याचीच.) ब्रूअर पुढे गेला की बॉन मागे थांबत असे, बॉन धक्का द्यायला पुढे सरकला की ब्रूअर त्याच्या मागची जागा भरत असे. दुसरी जोडी टिम हॉर्टन आणि ॲलन स्टॅन्लीची. टिम हॉर्टन म्हणजे ज्याच्या नावाच्या दुकानात आपण सकाळी कॉफी घेता तोच. प्रशिक्षक पंच इमलॅक यांनी या चौघांच्या जोरावर १९६२, १९६३ आणि १९६४ असे सलग तीन कप जिंकले. चित्रफितीत बॉनचा धक्का पाहाल तेव्हा त्याच्या मागे ब्रूअर कोठे आहे हेही पाहा. जोडीदार जागेवर नसताना बॉन सहसा पुढे सरकत नाही, हे दोन-चार प्रसंग पाहिल्यावर दिसू लागते.

आता आकड्यांकडे येतो, कारण आपली शंका तेथून सुरू झाली. शिक्षेची जवळपास दीड हजार मिनिटे ऐकायला भयंकर वाटतात. परंतु ९६४ सामन्यांनी भागून पाहा: सामन्यामागे दीड मिनिटाच्या थोडी वर, म्हणजे दोन मिनिटांची एक किरकोळ शिक्षाही प्रत्येक सामन्याला भरत नाही. पुढे १९७४-७५ च्या एकाच मोसमात फिलाडेल्फियाच्या डेव्ह शुल्ट्झने ४७२ मिनिटे शिक्षा भोगली. मारकुटा म्हणायचे तर तो शब्द तेथे शोभतो. बॉनच्या खेळात धक्के बरेच आणि शिक्षा त्या मानाने बेताच्या, आणि याचा अर्थ त्याचे बहुतेक धक्के त्या काळच्या नियमांत बसत होते.

३७ गोलांचे म्हणाल तर मागे थांबणाऱ्या बचावपटूकडून तेव्हा कोणी गोलांची अपेक्षा करीत नसे. स्वतः पुढे जाऊन गोल करणाऱ्या बॉबी ऑरने साठीच्या दशकाच्या शेवटी बचावपटूची व्याख्याच बदलली, आणि आपण आज सर्व बचावपटूंना त्या चष्म्यातून पाहतो. दुसरीकडे, बॉनचे जे मुख्य काम होते त्याची मोजणीच झालेली नाही. लीग अधिकृतपणे धक्के आणि अडवलेले फटके मोजू लागली ती १९९७-९८ पासून, आणि ती मोजणीदेखील प्रत्येक शहरातील मोजणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते, त्यामुळे मी स्वतः तिच्यावर फारसा विसंबून राहत नाही. तेव्हा आकड्यांचा तक्ता पाहून बॉनविषयी निर्णय करणे म्हणजे त्याचे काम ज्या रकान्यात लिहायला हवे होते तो रकानाच कागदावर नसताना गुण देणे होय.

मोजता न येणारी आणखी एक बाब आहे आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. सहा संघांच्या लीगमध्ये ७० सामन्यांचा मोसम असे, म्हणजे प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी १४ वेळा खेळत असे. तीच माणसे, तेच चेहरे, कित्येकदा शनिवारी एका शहरात आणि रविवारी दुसऱ्या. नोव्हेंबरमध्ये बसलेला धक्का मार्चमध्येही लक्षात राहत असे. बॉन बर्फावर आहे हे ठाऊक असलेला आघाडीपटू मधून आत घुसण्याऐवजी कडेने जाई, पक अर्धा सेकंद आधी सोडून देई, आणि तो घाईचा पास कोणी अडवला तर श्रेय अडवणाऱ्याला मिळे. प्रत्यक्ष धक्क्यांपेक्षा न दिलेल्या धक्क्यांचा उपयोग संघाला अधिक होत असे. आज बत्तीस संघांच्या लीगमध्ये दुसऱ्या कॉन्फरन्समधील, म्हणजे लीगच्या दुसऱ्या अर्ध्या भागातील, संघाशी मोसमात दोनदाच गाठ पडते. तेथे अशी दहशत साचायला वेळच मिळत नाही.

येथवरचे थोडक्यात सांगायचे तर: गोष्ट खरी आहे, माणूस मारकुटा नव्हता, आणि त्याचे मोल तक्त्यात शोधून सापडणार नाही. मात्र यानंतर जे लिहायचे आहे ते परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्यावर जाणकारांतही एकमत नाही.

बॉनसारखा खेळ आज चालेल का? काही अंशी चालेल. तेव्हाचा खेळ हळू होता, एकेक पाळी मिनिट-दीड मिनिट, कधी दोन मिनिटांचीही असे. आज ती पाऊण मिनिटात संपते आणि ताज्या पायांचा खेळाडू येतो. तेव्हा दोन रेषा ओलांडणारा लांब पास नियमबाह्य होता आणि २००५ पर्यंत तसाच राहिला. त्यामुळे आघाडीपटूला पक स्वतः मध्यातून वाहून आणावा लागे, त्याची नजर खाली जाई आणि मोकळ्या बर्फावरचा धक्का जुळून येई. आज पक त्या पट्ट्यातून पासने निघून जातो. धक्का देणाऱ्याला सापडणारे क्षण कमी झाले आहेत आणि वेग वाढल्यामुळे प्रत्येक क्षणाची किंमत वाढली आहे.

ती किंमत जुन्या लोकांनाही ठाऊक होती, हे मात्र विसरू नये. १२ डिसेंबर १९३३ रोजी बोस्टनच्या एडी शोअरने, जो त्याच्या काळातील सर्वांत दरारा असलेला बचावपटू होता, टोरंटोच्या एस बेलीला मागून आडवे केले. बेलीचे डोके बर्फावर आपटून कवटी फुटली, तो मरणाच्या दारातून परतला आणि पुन्हा कधीही खेळला नाही. दोन महिन्यांनी त्याच्या मदतीसाठी मेपल लीफ गार्डन्समध्ये सामना झाला तेव्हा बेलीने शोअरशी हस्तांदोलन केले. ती कथा हॉकीच्या दिलदारपणाची म्हणून सांगतात. मला त्यात हेही दिसते की त्यानंतरदेखील शिरस्त्राण सक्तीचे व्हायला १९७९ उजाडावे लागले, आणि तेही फक्त नव्या खेळाडूंसाठी. मधल्या काळात, १९६८ च्या जानेवारीत, मिनेसोटाचा बिल मास्टरटन ओकलंडविरुद्धच्या सामन्यात दोन बचावपटूंच्या धक्क्याने मागे कोसळला, डोके बर्फावर आपटले आणि दोन दिवसांनी तो वारला. तो धक्का नियमबाह्य नव्हता, आणि कोणी सूडबुद्धीने दिलेला नव्हता. त्या मोसमात ओकलंडचा कप्तान होता बॉबी बॉन. कडक खेळाचे गोडवे गाताना ही बाजू त्याच वाक्यात आली पाहिजे असे मला वाटते. डोक्याला लक्ष्य करून आडून दिलेल्या धक्क्यांवर लीगने २०१० मध्ये स्वतंत्र नियम केला. बॉनचे काही धक्के त्या नियमाखाली आले असते, बरेचसे आले नसते.

बॉनला हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले नाही, आणि आजोबा याविषयी तळमळून बोलतील. माझे मत त्यांच्याशी जुळणार नाही. हॉर्टन आणि स्टॅन्ली तेथे आहेत आणि ते दोघे बॉनपेक्षा सरस होते. ब्रूअरही माझ्या दृष्टीने अधिक गुणी होता. चार कप जिंकणाऱ्या संघातील तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा बचावपटू असणे ही काही लहान गोष्ट नाही, परंतु हॉल ऑफ फेमचे माप वेगळे आहे. त्याला तेथे बसवण्याच्या आग्रहापायी त्याच्या कामाची भलतीच कौतुके केली जातात आणि खरे काम झाकले जाते.

ज्या भागाविषयी फार कमी बोलले जाते तो त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धाचा आहे. १९६७ चा कप लीफ्सने जिंकला, टोरंटोने त्यानंतर आजवर एकही जिंकलेला नाही, आणि त्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत) बॉनला फारसे खेळवलेच गेले नाही. त्याच उन्हाळ्यात लीगचे सहाचे बारा संघ झाले आणि लीफ्सने त्याला राखून न ठेवल्यामुळे तो कॅलिफोर्नियातील ओकलंडच्या नव्या संघाकडे गेला. म्हणजे ज्या संघासाठी त्याने मोडक्या पायाने गोल केला, त्याच संघाने तीन वर्षांत त्याला सोडून दिले. पुढे १९६८ मध्ये तो डेट्रॉइटला आला. तेथे गॉर्डी हाव, लीगचा सर्वांत मोठा खेळाडू, आपल्याला संघात सर्वाधिक पगार मिळतो अशा समजुतीत होता. बॉनने त्याला बाजूला घेऊन आपल्या पगाराचा आकडा सांगितला, जो हावच्या पगारापेक्षा बराच अधिक होता. त्या काळी खेळाडू एकमेकांना पगार सांगत नसत आणि मालकांचे सारे गणित त्या मौनावर उभे होते. हाव मालकाकडे गेला, एक लाख डॉलर मागितले आणि ते त्याला मिळाले. थॉमसनची रवानगी पाहिलेला तरुण पुढे या वाटेने गेला, हे मला त्या गोलापेक्षा अधिक सांगण्यासारखे वाटते. १९७० मध्ये तो टोरंटोला परतला, १९७२ मध्ये मानेच्या दुखापतीने त्याचा खेळ थांबला आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी, तो वारला.

आता आपल्या मुलाविषयी. अकरा वर्षांच्या मुलाने बॉनसारखे धक्के देण्याचा प्रश्न सध्या उद्भवतच नाही. हॉकी कॅनडाने २०१३ पासून तेरा वर्षांखालील गटांत बॉडी चेक (अंगाने धक्का देणे) बंद केला आहे. त्यामागे भक्कम कारण होते: अल्बर्टात त्या वयाची मुले धक्के देऊन खेळत, क्वेबेकमध्ये तसे खेळत नसत, आणि दोन्हीकडच्या मुलांची तुलना केली तेव्हा अल्बर्टातील मुलांमध्ये सामन्यातील दुखापतीचा धोका तिप्पट आढळला. धक्के असलेल्या गटांत आपला मुलगा पुढे जाईलच असेही नाही; ते तो कोणत्या स्तरावर खेळतो यावर आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याची शरीरयष्टी कशी आहे यावर ठरेल. त्या वयात एकाच संघात एक मुलगा पुरुषासारखा आणि दुसरा अजून पोरसवदा असतो. अशा वेळी मी पालकांना घाई करू देत नाही.

परंतु बॉनचे जे खरे कसब, ते आजच शिकवता येते. मी या वयाच्या मुलांना स्टिक उलटी धरायला लावतो, म्हणजे पात्याकडचा भाग हातात आणि दांडा खाली. पक हिसकावण्याचे साधनच हातात उरत नाही. मग समोरून येणाऱ्याला अंगाने, पण न आदळता, बोर्डकडे वळवत न्यायचे. सुरुवातीला सगळी मुले थेट त्याच्यावर धावून जातात आणि तो आरामात बाजूने निघून जातो. काही दिवसांनी एखादे मूल थांबायला शिकते: दोघांत एका स्टिकएवढे अंतर राखते, नजर पकवर न ठेवता समोरच्याच्या छातीवर ठेवते, आतली बाजू बंद करते आणि त्याला स्वतःहून कडेला जाऊ देते. हे ज्याला जमले त्याला धक्का देणे शिकवायला फारसे कष्ट पडत नाहीत. आणि ज्याला हे न शिकवता धक्का शिकवला, तो दुसऱ्याला किंवा स्वतःला दुखावून घेतो. याबरोबरच बोर्डजवळ मान ताठ आणि डोके वर ठेवण्याची सवय आत्ताच लावा. खाली मान घालून बोर्डवर आदळणे हा मुलांच्या हॉकीतील सर्वांत घातक प्रकार आहे.

दुखापतीबाबत माझा नियम साधा आहे. पक लागून दुखले, तर मुलाला त्या एका पायावर जोर देऊन चार ढकल घ्यायला सांगतो. गती आणि ढब नेहमीसारखी असेल तर तो खेळू शकतो, दुखत असले तरी. लंगडत असेल, वळताना त्या पायाला चुकवत असेल, तर त्या दिवसाचा खेळ संपला आणि पुढचे डॉक्टरांनी पाहायचे. डोक्याला लागले असेल तर ही परीक्षासुद्धा नाही. मूल ताबडतोब बाहेर. ओंटारियोत २०१८ च्या रोवन्स लॉमुळे ते प्रशिक्षकाच्या मर्जीवर सोडलेले नाही, कायद्याने बंधनकारक आहे. आपला मुलगा घोटा दुखावल्यावर स्वतःहून येऊन बाकावर बसला, हे मला तरी खटकत नाही. एका पायाने खेळणारा बचावपटू आपल्या जोडीदाराला अडचणीत आणतो, आणि आपण बाहेर जावे हे वेळेवर ओळखणे त्याच्या कामातच मोडते.

आजोबांना मात्र गप्प करू नका. त्यांनी बॉनला गार्डन्समध्ये पाहिले असेल तर आपल्याला चित्रफितीतून मिळणार नाही असे पुष्कळ त्यांच्याकडे आहे. चित्रफितीत कॅमेरा पकमागे धावतो. पक दुसरीकडे असताना बॉन कोठे उभा राहत असे, ब्रूअरशी काय बोलत असे, समोरचा संघ त्याच्या बाजूने यायचे टाळत असे का, हे प्रेक्षागृहात बसलेल्यालाच दिसले असणार. मुलाला हे तीन प्रश्न देऊन त्यांच्याकडे पाठवा, आणि ते काय सांगतात ते मलाही कळवा.